मज्जातंतू आणि स्नायू यांच्या संगमावर

श्रावणातली सकाळ होती. नरसिंहपूरजवळच्या एका वस्तीवरून एक तरुण आपल्या आईला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात घेऊन आला. आई मध्ये, आणि मागे शेजारचा गडी तिला धरून बसलेला. आदल्या रात्री घरातले सगळे जमिनीवर अंथरूण टाकून झोपले होते. पहाटे बाईंच्या पोटात दुखू लागले. अपचन झाले असेल म्हणून घरच्यांनी ओवा दिला, गरम पाणी दिले. उजाडेपर्यंत बाईंना गिळता येईना, आवाज घोगरा झाला आणि दोन्ही डोळ्यांच्या पापण्या खाली पडल्या.

"डॉक्टर, आई डोळंच उघडंना. अंगावरनं वारं गेलं का काय?" मुलाने विचारले.

अर्धांगवायूत बहुधा शरीराची एक बाजू लुळी पडते. इथे दोन्ही बाजू सारख्याच सैल झाल्या होत्या. मी बाईंच्या कानाशी वाकून म्हणालो, "मावशी, ऐकू येतंय ना? माझं बोट दाबा." त्यांनी दाबले. अगदी हलके, पण दाबले. म्हणजे मेंदू जागा होता, कान ऐकत होते, फक्त स्नायू हुकूम पाळत नव्हते. अंगावर दंशाची खूण कुठेच सापडली नाही. तरीही मण्यारीचा दंश असावा, असे मी घरच्यांना सांगितले आणि लगेच गाडी मागवली. वाटेत बाईंचा श्वास उथळ होत गेला. मी तोंडावर मुखवटा धरून बसलो आणि मुलगा रबरी पिशवी दाबून हवा आत सोडत राहिला. मोठ्या रुग्णालयात पोचताच प्रतिविष सुरू झाले आणि बाईंना कृत्रिम श्वासोच्छ्वासाच्या यंत्रावर ठेवण्यात आले.

दुसऱ्या दिवशी नातेवाईक हबकले. बाई निपचित पडल्या होत्या. डोळे मिटलेले, हात उचलला तर तसाच खाली पडायचा. "आता काय राहिलंय? घरी नेऊ," असे काही जण म्हणू लागले. मुलाने मात्र ऐकले नाही. आठ-दहा दिवसांनी बाई स्वतःचा श्वास स्वतः घेऊ लागल्या आणि पुढे चालत घरी गेल्या. नंतर मुलगा भेटायला आला तेव्हा त्याने एक प्रश्न विचारला. "डॉक्टर, सापाची लस तर पहिल्याच दिवशी दिली होती. मग आईला डोळे उघडायला इतके दिवस का लागले?"

प्रश्न अगदी योग्य होता. त्याचे उत्तर एका फार लहान जागेत आहे. गेल्या काही वर्षांत संगणकाच्या साहाय्याने शास्त्रज्ञांनी त्या जागेची हुबेहूब प्रतिकृती उभी केली आहे. आजच्या लेखात त्याविषयी.

हुकूम पोचतो कसा?

आपण हात उचलायचे ठरवतो तेव्हा मेंदूकडून निघालेला संदेश पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येतो आणि तिथून मज्जातंतूवाटे स्नायूपर्यंत जातो. हा संदेश विजेसारखा असतो. त्यामुळे घरातल्या वायरिंगप्रमाणे मज्जातंतू थेट स्नायूला जोडलेला असेल, अशी बहुतेकांची समजूत असते. प्रत्यक्षात तसे नाही. मज्जातंतूचे टोक स्नायूच्या अगदी जवळ येऊन थांबते. मध्ये एक फट असते. तिची रुंदी केसाच्या जाडीच्या सुमारे दीड हजाराव्या भागाइतकी असते. वीज ही फट ओलांडू शकत नाही.

नीरा आणि भीमा यांचा संगम आपण नेहमी पाहतो. तिथे दोन्ही नद्यांचे पाणी एक होते. मज्जातंतू आणि स्नायू मात्र कधीच एक होत नाहीत. त्यांच्या मधल्या या जागेची तुलना पूल नसलेल्या नदीशी केलेली बरी. अलीकडच्या काठावर मज्जातंतूचे टोक, पलीकडच्या काठावर स्नायू, आणि मध्ये ये-जा करणाऱ्या होड्या. या होड्या म्हणजे अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे रेणू. मज्जातंतूच्या टोकात ते बारीक बारीक पिशव्यांत भरून ठेवलेले असते. एकेका पिशवीत हजारो रेणू असतात. विजेचा संदेश टोकाशी पोचला की काही पिशव्या फुटतात, रसायन फटीत पसरते आणि पलीकडच्या काठावरील खुंटांना जाऊन लागते. हे खुंट म्हणजे स्नायूवरील ग्राहक प्रथिने. होड्या खुंटाला लागल्या की स्नायू आकसतो आणि हात उचलला जातो.

काम इथे संपत नाही. होड्या खुंटालाच बांधून राहिल्या तर पुढचा हुकूम पोचणार कसा? म्हणून फटीत एक एन्झाइम असते. ते अ‍ॅसिटिलकोलीनचे तुकडे करून घाट पुन्हा मोकळा करते. हा सगळा व्यवहार सेकंदाच्या काही हजाराव्या भागात आटोपतो. श्वास घेताना, पापणी लवताना, घास गिळताना तो दिवसरात्र चालू असतो.

रसायन असे ठराविक मापाच्या पुड्यांतून सुटते, हे बर्नार्ड कॅट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०च्या दशकात बेडकाच्या स्नायूवर प्रयोग करून दाखवले. कॅट्झ यांना १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. या जोडाला वैद्यकीय पुस्तकांत चेतास्नायू संधी म्हणतात. आपण या लेखापुरते नुसते जोड म्हणू.

उसाची कांडी आणि संगणक

आम्ही एम.बी.बी.एस.ला शिकत होतो तेव्हा पुस्तकात या जोडाचे एक सपाट चित्र असायचे. वर मज्जातंतूचा फुगीर गोळा, खाली स्नायूची नागमोडी रेघ. परीक्षेत ते काढले की पाच गुण मिळत. पण शरीर सपाट नसते. खरा जोड कसा दिसतो, एका मज्जातंतूला किती फांद्या फुटतात, कोणती फांदी कोणत्या स्नायूधाग्याला जाते, हे त्या चित्रावरून कळत नसे.

हे कळण्यासाठी काय करतात ते आपल्या शेतातल्या उदाहरणावरून सांगतो. कांडी किडीने पोखरलेला ऊस कोयत्याने आडवा कापला तर कापलेल्या तोंडावर फक्त एक भोक दिसते. कीड कुठून शिरली, कुठे वळली, कुठे थांबली हे एका कापावरून समजत नाही. पण त्याच कांडीच्या पातळ चकत्या केल्या, प्रत्येकीचा फोटो काढला आणि ते फोटो क्रमाने एकावर एक रचले, तर किडीचा संपूर्ण मार्ग समोर उभा राहतो. सीटी स्कॅनचे यंत्र रुग्णाला न कापता, क्ष-किरणांच्या मदतीने, साधारण हेच करते.

स्नायूच्या बाबतीत चकत्या फारच पातळ असाव्या लागतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी ऊतीचा तुकडा कडक राळेत बसवतात आणि हिऱ्याच्या पात्याने त्याच्या चकत्या काढतात. एक चकती मिलिमीटरच्या सुमारे तीस हजाराव्या भागाइतकी पातळ असू शकते. म्हणजे एक मिलिमीटर जाडीचा तुकडा पूर्ण पाहायचा तर तीस हजारांहून जास्त चकत्या आणि तितकीच चित्रे. दुसरी पद्धत लेसर किरणांच्या सूक्ष्मदर्शकाची. तिच्यात पातळ स्नायू न कापताच खाली खाली सरकत एकेका पातळीचे चित्र घेतात. बारकावे कमी दिसतात, पण मोठा भाग लवकर पाहून होतो.

पुढचे काम संगणकाचे. चित्रे एकमेकांवर अचूक बसवायची, सरकलेली किंवा सुरकुतलेली चकती सरळ करायची, आणि एकच मज्जातंतू या चित्रातून पुढच्या चित्रात कुठे गेला याचा माग काढून त्याला एक रंग द्यायचा. पूर्वी हा माग माणसे हाताने रेघा ओढून काढत. त्यात महिने जात. आता बराचसा भाग संगणक करतो आणि माणूस तपासून चुका दुरुस्त करतो. शेवटी पडद्यावर स्नायूचा तुकडा त्रिमितीत उभा राहतो. तो फिरवून मागून पाहता येतो, मोजता येतो. आपल्या देशातही चकत्या व संगणकाचे हे तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरले गेले आहे. मद्रास आयआयटीतील केंद्राने गर्भातील मानवी मेंदूच्या ५,१३२ चकत्यांची चित्रे घेऊन 'धरणी' नावाचा त्रिमिती नकाशा २०२४ मध्ये सर्वांसाठी खुला केला.

जोडाबद्दल काय कळले?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मॅकमहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बेडकाच्या जोडाची अशी प्रतिकृती तयार केली. तीत असे दिसले की मज्जातंतूच्या टोकातील रसायनाच्या पिशव्या कशाही विखुरलेल्या नसतात. जिथून रसायन सुटते तिथे प्रथिनांच्या तुळ्या आणि टेकू असतात, आणि पिशव्या त्यांना टेकून रांगेत लावलेल्या असतात. घाटाला दोरीने बांधलेल्या होड्यांसारख्या. तयारी इतकी चोख असते म्हणूनच संदेश येताच क्षणात रसायन सुटते.

हार्वर्ड विद्यापीठातील जेफ लिक्टमन यांच्या प्रयोगशाळेने २००९ मध्ये उंदराच्या कानाशी असलेल्या एका लहान स्नायूचे पूर्ण वायरिंग संगणकावर उतरवले. कोणता मज्जातंतू कुठे फुटला आणि कोणत्या धाग्यांना गेला, याचा संपूर्ण हिशेब. तेव्हा असे आढळले की दोन उंदरांचे वायरिंग तर सारखे नसतेच, पण एकाच उंदराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचेही सारखे नसते. काम मात्र दोन्हीकडे बिनबोभाट चालते.

याच प्रयोगशाळेने २०१२ मध्ये नवजात उंदरांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जन्माच्या सुमारास एकेका स्नायूधाग्यावर अनेक मज्जातंतू दाटीवाटीने येऊन बसलेले असतात. पुढे एकेक जण माघार घेतो आणि शेवटी प्रत्येक धाग्याला एकच मालक उरतो. मज्जातंतूचे टोक ही भिंतीत पुरलेल्या तारेसारखी अचल वस्तू नसून ते मागे सरू शकते आणि नव्याने वाढू शकते, ही गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे उपयोगी पडणार आहे.

उंदराचे ठीक आहे, माणसाचे काय? एडिनबर्ग विद्यापीठात थॉमस गिलिंगवॉटर आणि सहकाऱ्यांनी जोडाची चित्रे मोजण्याचा एक संगणक कार्यक्रम २०१६ मध्ये विनामूल्य उपलब्ध करून दिला. ज्यांच्यावर पाय कापण्याची शस्त्रक्रिया करावी लागली अशा रुग्णांच्या स्नायूंतील जोड त्यांनी त्याच मापाने तपासले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. माणसाचा जोड उंदराच्या जोडापेक्षा लहान आणि साधा असतो. उंदराचे जोड म्हातारपणी मोडकळीस येतात, माणसाचे मात्र उतारवयातही बऱ्यापैकी टिकून असलेले दिसले. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हा धडा डॉक्टरांनाही मिळाला.

मण्यारीच्या विषाचा दिवा

या चित्रांत जोड उठून दिसावा म्हणून शास्त्रज्ञ कोणता रंग वापरतात, हे ऐकून वाचकांना आश्चर्य वाटेल. ते मण्यारीचे विष वापरतात.

तैवानमध्ये आपल्या मण्यारीच्याच कुळातील एक पट्टेरी साप आढळतो. तिथले शास्त्रज्ञ चांग आणि ली यांनी १९६३ मध्ये त्याच्या विषातील घटक वेगळे केले आणि त्यांना बंगारोटॉक्सिन असे नाव दिले. त्यांतील अल्फा नावाचा घटक स्नायूवरील खुंटांना असा घट्ट चिकटतो की सहजी सुटत नाही, आणि दुसरीकडे तो फारसा चिकटत नाही. या विषाला चमकणारा रंग जोडला की सूक्ष्मदर्शकाखाली नेमके खुंटच दिव्यासारखे उजळतात. एडिनबर्गच्या अभ्यासात माणसाचे जोड असेच उजळून मोजले गेले. ज्या विषाने आपल्याकडे झोपेत माणसे जातात, त्याच जातीच्या विषाने ही अंधारी जागा दाखवली.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. नागाच्या विषाचा मुख्य मारा पलीकडच्या काठावर असतो. ते खुंटांवर जाऊन बसते, त्यामुळे होड्यांना लागायला जागा उरत नाही. अशा वेळी प्रतिविषाबरोबर फटीतील अ‍ॅसिटिलकोलीन टिकवून धरणारे निओस्टिग्मीनचे इंजेक्शन, अ‍ॅट्रोपिनच्या जोडीने, अनेकदा गुण देते. मण्यारीच्या विषात मात्र खुंटांवर बसणाऱ्या भागाखेरीज बीटा नावाचा आणखी एक घटक असतो आणि तो अलीकडच्या काठावर हल्ला करतो. तो मज्जातंतूच्या टोकातील पिशव्या रिकाम्या करतो आणि पुढे ते टोकच मोडून टाकतो. घाट, दोर आणि होड्या, सगळेच वाहून जाते.

प्रतिविष हे रक्तात फिरणाऱ्या विषाला पकडते. पुढचे नुकसान थांबवण्यासाठी ते लवकरात लवकर मिळालेच पाहिजे. पण मोडलेला घाट बांधणे हे त्याचे काम नाही. ते काम मज्जातंतू स्वतः करतो. त्याचे टोक पुन्हा वाढते, जुन्या जागी येऊन बसते, पिशव्या नव्याने भरतात. याला काही दिवस, कधी दोन-तीन आठवडेही लागतात. तेवढे दिवस श्वासाचे स्नायू काम करू शकत नाहीत, म्हणून यंत्र श्वास देते. त्या बाईंना डोळे उघडायला वेळ लागला तो यासाठी. लस निकामी नव्हती आणि उपचारही चुकले नव्हते. शरीर घाट बांधत होते.

दुसरी एक गोष्ट मी नातेवाइकांना आवर्जून सांगतो. मण्यारीच्या दंशात रुग्ण इतका लुळा पडू शकतो की डोळ्यांच्या बाहुल्यासुद्धा उजेडाला प्रतिसाद देत नाहीत. पाहणाऱ्याला वाटते, मेंदू गेला. पण विषाचा मारा जोडावर असतो, मेंदूवर नसतो. आत माणूस जागा असू शकतो आणि आपण काय बोलतो ते ऐकत असू शकतो. त्याच्या उशाशी रडारड करू नये, धीराचे दोन शब्द बोलावेत. मुख्य म्हणजे, यंत्र काढून घरी नेण्याची घाई कदापि करू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांवर ग्रामीण भागात राहून उपचार आणि संशोधन केले. वेळेवर उपचार मिळाले तर खेड्यातला रुग्णही वाचतो, हे त्यांच्या कामाने साऱ्या जगाला दाखवले.

फवारणीचे औषध आणि पुण्याचा अभ्यास

आपल्या भागात ऊस, डाळिंब आणि भाजीपाल्यावर फवारणी होते. त्यातील ऑर्गॅनोफॉस्फरस गटाची कीटकनाशकेही याच जोडावर घाव घालतात, पण उलट बाजूने. घाट मोकळा करणारे जे एन्झाइम आपण पाहिले, त्यालाच ती बांधून टाकतात. मग होड्या साचत जातात. तोंडाला लाळ, दरदरून घाम, उलटी-जुलाब, बारीक झालेल्या बाहुल्या, छातीत घरघर आणि स्नायूंची थरथर ही लक्षणे दिसतात. साचत साचत शेवटी जोड थकून बंद पडतो.

या विषबाधेचा एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे. पुण्याचे डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ओळीने २०० रुग्णांच्या मज्जासंस्थेची तपासणी करून १९७४ मध्ये आपली निरीक्षणे प्रसिद्ध केली. त्यांनी लक्षणांचे दोन गट केले. पहिला गट सुरुवातीला दिसणाऱ्या लक्षणांचा, तो अ‍ॅट्रोपिनने सुधारतो. दुसरा गट नंतर उद्भवणाऱ्या लक्षणांचा. त्यात मान, खांदे आणि मांड्यांची शक्ती जाते आणि श्वास अडतो. त्यावर अ‍ॅट्रोपिनचा उपयोग होत नाही. पुढे १९८७ मध्ये श्रीलंकेतील डॉक्टरांनी अशाच अवस्थेचे वर्णन केले आणि तिला स्वतंत्र नाव मिळाले.

कारण आता वाचकांच्या लक्षात येईल. अ‍ॅट्रोपिन लाळ, घाम, फुप्फुसातील स्राव आणि हृदयाची गती यांवर काम करते. स्नायूच्या जोडावरील खुंट वेगळ्या प्रकारचे असतात, तिथे ते पोचून उपयोग नाही. म्हणून रुग्ण पहिल्या दिवसाच्या उपचाराने शुद्धीवर येतो, बोलू लागतो, चहा मागतो, आणि एक ते चार दिवसांच्या अवधीत अचानक त्याचा श्वास थांबू लागतो. नेमक्या याच काळात, "आता बरा आहे, शेतात कामं पडलीत," असे म्हणून सही करून रुग्णाला घरी नेणारे नातेवाईक मी पाहिले आहेत. एकदा असाच नेलेला तरुण पुन्हा आणेपर्यंत उशीर झाला होता. ते दुःख अजून जात नाही. डॉक्टर रुग्णाला उशीवरून डोके उचलायला सांगतात किंवा एका दमात आकडे मोजायला लावतात, ती उगाच केलेली कसरत नसते. डोके उचलेना किंवा आकडे कमी पडू लागले, तर श्वास अडण्याची ती आगाऊ सूचना असते.

सायंकाळी जड होणारी पापणी

विष न घेताही जोड बिघडू शकतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस नावाच्या आजारात शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच खुंटांवर हल्ला करते. या आजारात खुंट कमी झालेले असतात, हे १९७३ मध्ये मण्यारीच्या त्याच विषाच्या साहाय्याने मोजून सिद्ध झाले. सकाळी माणूस ठणठणीत असतो. दिवस कलेल तशी पापणी जड होते, एकाचे दोन दिसू लागतात, जेवता जेवता जबडा थकतो. विश्रांतीनंतर पुन्हा बरे वाटते. अशा रुग्णाला लोक आळशी किंवा नाटकी ठरवतात. तसे न करता मज्जातंतूंच्या तज्ज्ञाला दाखवावे. या आजारावर चांगले उपचार आहेत.

घरोघरी लक्षात ठेवण्यासारखे

१. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नये. खाट वापरावी. मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचावी. मण्यार रात्री फिरते, तिचे दात बारीक असतात, दंश दुखत नाही आणि खूणही दिसेलच असे नाही.

२. रात्री धडधाकट झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी, उलटी, गिळायला त्रास, पापण्या पडणे यांपैकी काही झाले, तर साप कोणी पाहिला नसला तरी सर्पदंशाचा संशय घ्यावा.

३. दोरी आवळून बांधू नये, चीर देऊ नये, रक्त चोखू नये. रुग्णाला धीर द्यावा, चालवू नये, दंशाचा अवयव हलू देऊ नये. तोंडाने काही देऊ नये. एका कुशीवर झोपवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मांत्रिकाकडे गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

४. श्वास थांबत असेल तर वाटेत श्वास देत राहावे. माणूस लुळा पडला म्हणजे संपला असे नाही.

५. फवारणीचे औषध अंगावर सांडले तर कपडे लगेच काढून साबण लावून भरपूर पाण्याने अंग धुवावे. मदत करणाऱ्याने हातमोजे घालावेत. पोटात गेले असेल तर ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ न घालवता रुग्णालय गाठावे आणि औषधाची बाटली किंवा वेष्टन बरोबर न्यावे.

६. डॉक्टर सोडतील तेव्हाच रुग्णाला घरी न्यावे. तिसऱ्या दिवशी बोलतो आहे म्हणून धोका टळला असे समजू नये.

७. औषधाच्या बाटल्या घरात, हाताशी ठेवू नयेत. कुलूपबंद ठेवाव्यात. घरात कोणी खचलेला, अबोल झालेला असेल तर त्याच्याशी बोलावे. सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे.

संगणकावर उभी राहिलेली ही चित्रे अजून औषध झालेली नाहीत. पण जोड कसा मोडतो आणि कसा पुन्हा बांधला जातो हे दिसू लागल्यामुळे, कुठे थांबायचे आणि कुठे धीर धरायचा, हे आम्हा डॉक्टरांना नातेवाइकांना ठामपणे सांगता येते. त्या मुलाला मी कागदावर दोन काठ आणि मधल्या होड्या काढून दाखवल्या. त्याने कागद घडी करून खिशात ठेवला. दिवाळीच्या आधी तो पुन्हा आला तेव्हा म्हणाला, "आईला आता खाट केलीय. आणि तो कागद वस्तीवर सगळ्यांना दाखवलाय."